थंड पेटीत काय अडकलं

पातूर
२२ सप्टेंबर २०२४

रागिणी,

परवा तुह्या बापाच्या, किशोरच्या फोनवर तुहं तोंड पाह्यलं. तोंड हालून राहिलं होतं, आवाज काही नाई, टाक्यातल्या मासोयीवानी. माह्या कानाचं आता तसंच झालं. जगाले कोणं कापसात गुंडाळून ठेवल्यासारखं वाटते. पाखरं उडतात, गाड्या जातात, शेजारीण मैना भांडते, सारं बिनआवाजाचं. पह्यले भेव वाटे, आता गोड वाटते. पण तुह्याशी बोलाचं तं कागदच पाहिजे. किशोरच्या फोनवर लिहिलं का तो आधी सोता वाचते, मंग मले आपल्या मनचं सांगते. म्हणून हे पत्र. दुसरी पास बाईचं अक्षर आहे, लागंन तसं लाव.

कामाचं लिहिते. तुहा बाप तुले समुद्राकडं पाठवाले तयार नोयता, तवा मी मधात पडली होती. म्हटलं, एक साल जाऊ दे. संक्रांतीपर्यंत कंपनीनं पक्की केली तं तिथंच राहीन, नाई तं वापस येईन अन् मूर्तिजापूरच्या शेखरशी लगन लावून दे. हा माहा शब्द. शेखर काही वाईट पोरगा नोहे. ठिबकच्या नळ्याचं दुकान आहे, दातही जागच्या जागी आहेत. पण तुले अमरावतीले होस्टेलात ठेवून इंजिनेर केलं ते नळ्याच्या दुकानात गल्ल्यावर बसवाले नाई.

पावसाळा सरत आला. शेवंतीले कळी धरली. तू तिथं नेमकं काय करतं ते नीट लिही. किशोर लोकाईले सांगते का पोरगी गॅस भरते. गॅस भराले एवढं शिकावं लागते का?

आजी


प्लांट कॉलनी
६ ऑक्टोबर २०२४

आजी,

मी गॅस भरत नाही. बाबाले सांग, मी गॅस वाळवते.

समुद्राच्या तळाखालून जो गॅस येतो तो ओला असतो. दिसत नाही, पण त्यात पाण्याची वाफ असते. आमाले तो खूप थंड करायचा असतो, इतका की त्यातला सिलिंडरचा गॅस पातळ होऊन वेगळा निघावा. त्या थंडीत ओल राहिली तर तिचा बर्फ होतो आणि वाट बुजते. म्हणून आधी वाळवायचा. त्यासाठी उंच टाक्या आहेत, साबुदाण्याएवढ्या पांढऱ्या गोळ्यांनी भरलेल्या. गोळ्या पाणी पितात. भरल्या की गरम गॅसनं त्याईले भाजून कोरडं करायचं आणि पुन्हा कामाले लावायचं. दव असताना तू शेवंती पाटीत भरू देत नाहीस, आधी आजोबाच्या जुन्या धोतरावर पसरवतेस. तसंच समज.

वाळलेला गॅस मग थंड पेटीत जातो. आपल्या घराहून उंच पेटी आहे. आत अॅल्युमिनियमचे पातळ पत्रे, एकावर एक, आणि मधल्या वाटा इतक्या अरुंद की हार ओवायची सुई जाईल, बोट जाणार नाही. एका वाटेनं कोमट गॅस आत येतो, शेजारच्या वाटेनं थंड झालेला परत जातो. त्यांची गाठ कधी पडत नाही. दोघी जणी एका भिंतीच्या अल्याड-पल्याड पाठ टेकून बसल्या, एकीची ऊब दुसरीले लागली, पण तोंड कोणी कोणाचं पाहिलं नाही, असं त्या पेटीत रात्रंदिवस चालू असतं. आतलं कोणीच पाहिलेलं नाही. बाहेर नळाच्या जोडावर ऐन दुपारी बर्फाचा पांढरा थर येतो. मी तिथं उभी राहिली की वाटतं, या उन्हात आत कोणीतरी गाढ झोपलं आहे, आणि मी दाराशी.

ती पेटी तुंबून राहिली. गॅस आत शिरताना आणि बाहेर पडताना त्याचा दाब मोजतात. वाट मोकळी असेल तर दोन्हीत फार फरक पडत नाही. आता फरक वाढतच चालला. आमचे वरचे साहेब, अनुप सर, त्यांनी कारण शोधायचं काम मले दिलं. पेटी मोकळी झाली तर संक्रांतीले पक्की. नाही झाली तर तुझा शेखर.

रागिणी


पातूर
१९ ऑक्टोबर २०२४

रागिणी,

तुहं पत्र मैनानं अन् मी मिळून लावलं. मैनाले टाक्या समजल्या, पेटी नाई समजली. मले पेटी समजली. दोन बाया पाठीले पाठ लावून बसतात अन् बोलत नाईत, हे तं मी अन् माह्या सासूनं जिंदगीभर केलं. आमच्यात ऊब नोयती, एवढाच फरक.

आता आयक. दुपारी मांडवाखाली डोया लागला अन् मी तुह्या पेटीत गेली. कशी गेली माईत नाई, सपनात दार लागत नाई. पत्र्याच्या भिंती, मधून चिंचोळ्या वाटा, शेवंतीच्या दोन वाफ्यातून चालावं तशी चालून राहिली. उजेड कुठून येते दिसत नाई, पण सारं पांढरं. वरतून काहीतरी पडून राहिलं होतं, सरकीतून निघालेल्या कापसावानी, हळू हळू. असा वरतून पडणारा बर्फ मी जन्मात पाह्यला नाई, पण सपनात वयखला. भिंतीले हात लावला तं हात ओला. दचकून जागी झाली तं हात खराच ओला, मांजरीनं तांब्या पाडला होता. मांजरीचं जाऊ दे. सपनात तं बर्फच होता.

म्हणून सांगते, ओलच आहे. आपल्या घरात आजपर्यंत जे नासलं ते ओलीनंच नासलं. फुलं, बियाणं, तुह्या आजोबाची छाती. दसऱ्याले ह्या पोट्ट्याईनं घाईघाईनं ओला झेंडू पोत्यात कोंबला, अमरावतीच्या बजारात पोतं उघडलं तं आत काया चिखल. फूल वाळवलं नाई का ते रस्त्यातच मरते. तुह्या त्या गोळ्या भाज. कच्च्या ठेवू नको. साहेबाले सांग का आमच्या घरचा धंदा आहे, ओल आमाले वासानं समजते.

आजी


प्लांट कॉलनी
५ नोव्हेंबर २०२४

आजी,

दिवाळीले येता आलं नाही, रागावू नको. इथं सारं ठीक आहे.

तुझं सपन मी अनुप सरले सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, सगळ्यांनाच बर्फ वाटतो. आता गोळ्या जास्त वेळ भाजून राहिलो, आधीपेक्षा जास्त तापवून आणि जास्त वेळा. तसं करू द्या म्हणून मीच हट्ट धरला होता. मधल्या काळात पेटी बंद करून तिच्यातून कोमट कोरडा गॅसही सोडला, म्हणजे असेल तो बर्फ वितळून जावा. त्यानंतर पेटीले जरा बरं वाटलं.

सकाळी समुद्रावर धुकं असतं. मासेमारीच्या होड्या त्यात विरघळून जातात आणि जरा वेळानं दुसरीकडेच उगवतात. पाणी कुठं संपलं आणि आभाळ कुठं सुरू झालं ते कळत नाही. आमच्या प्लांटचे दिवे त्या पाण्यात उलटे लटकतात. कधी कधी मले वाटतं की खरा प्लांट तोच, खालचा, आणि तिथं काही तुंबलेलं नाही. काठावर जांभळी फुलं येतात, वाळूतच पसरतात, त्याईले कोणी तोडत नाही. तुले दाखवायची आहेत.

फराळ मिळाला. चकली अजून कुरकुरीत आहे.

रागिणी


पातूर
१७ नोव्हेंबर २०२४

रागिणी,

पत्रात समुद्र लय, पेटी कमी. मी दुसरी पास आहे, आंधळी नाई. जे पोट्टं परीक्षेतून येऊन आभाळाचा रंग सांगते ते नापास असते. तुहा बाप दहावीले असाच चंद्र पाहत घरी आला होता.

इथलं सांगते. भाऊबीज झाल्यावर शेखरच्या घरचे आले होते. त्याची माय लाडू हातात घेऊन फोडून पाहे, मंग खाये. म्हटलं, खा, आत काही लपवलं नाई. शेखर कोपऱ्यात बसून ठिबकच्या गोष्टी किशोरले सांगे, किशोर मान हालवे. ते गेल्यावर किशोर मंडपवाल्याले विचारून आला. मले म्हणे, "नुसतं विचारलं." नुसतं विचारणाऱ्याईनंच दुनियेत सारी लगनं लावली.

किशोर वाईट वागून राहिला असं समजू नको. तो माह्या शब्दावर चालला आहे. साल संपलं का तो माह्यापुढं उभा राहीन अन् मले 'हो' म्हणाच लागंन. अकोल्याच्या फूलबजारात माह्या शब्दावर माल उचलतात, अजून कोणं मले चिठ्ठी मागतली नाई. तोच शब्द घरात देला आहे.

पेटी मोकळी झाली का नाई? एका ओळीत लिही. होड्या नको.

आजी


प्लांट कॉलनी
८ डिसेंबर २०२४

आजी,

पेटी मोकळी झाली नाही.

ती एक ओळ. आता बाकीच्या.

पेटी कोमट करून पुन्हा चालू केली की दाबाचा फरक उतरायचा, पण जुन्या जागेवर कधीच येत नव्हता. दर वेळी थोडा वरच थांबायचा. मी ते पाहत होती आणि पाहत नव्हती. परवा दुपारी जेवण करून कंट्रोल रूममध्ये बसली, डोळे मिटले, आणि तुझ्या सपनातला तो बर्फ पुन्हा पडताना दिसला. मग मनात आलं, बर्फ असता तर वितळून सगळाच गेला असता. बर्फ मागे काही ठेवत नाही.

गॅसमधली ओल मोजणारं एक यंत्र आहे. ते पहिल्या दिवसापासून सांगून राहिलं होतं की गॅस कोरडा आहे. मी म्हटलं, यंत्र बिघडलं. दुसरं आणून लावलं, त्यानंही कोरडाच सांगितला. म्हटलं, हेही बिघडलं. आजी, दोन यंत्रं खोटी ठरवली मी, पण ओल नाही हे मनाले पटू दिलं नाही. आपल्या घरात लहानाची मोठी झालेली पोरगी, बिघाड म्हटला की हात आपोआप ओल शोधतो.

पेटीच्या तोंडाशी एक बारीक जाळी असते. ती काढायले लावली. एका कडेनं फाटली होती आणि तिच्यात पीठ अडकलं होतं. पांढरं, मैद्यासारखं. मी चिमटीत धरून चोळलं. भिजलेलं लागेल म्हणून बोटं तयार होती. कोरडं ठाक, आजी. पावडरसारखं बोटांवरून उडून गेलं.

ते पीठ त्या गोळ्यांचं. इतकं भाजलं, इतक्या घाईनं तापवलं आणि निववलं की गोळ्या फुटून त्यांची भुकटी झाली आणि गॅससोबत पेटीत गेली. आधीही थोडी जात असेल, जाळी केव्हा फाटली कोणाले माहीत. पण मी भाजायले लावल्यापासून ती भरभरून जाऊ लागली. मी जितकं वाळवलं तितकं बुजवलं.

भुकटी सापडली हे सगळ्यांनी पाहिलं. ती एवढी का झाली, हे अजून कोणी विचारलं नाही. भाजायच्या हुकमावर सही अनुप सरांची आहे, हट्ट माझा होता हे फक्त त्यांना आणि मले माहीत. नवीन वर्षात मोठी बैठक आहे. गप्प राहिली तर कारण शोधणारी म्हणून मी पक्की होते, तुझा शब्दही राहतो. बोलली तर काय होईल माहीत नाही. काय करू?

रागिणी


पातूर
२० डिसेंबर २०२४

रागिणी,

वाळव वाळव मी लिहिलं, खरं आहे. पण तू काहून आयकलं? मी काय तुह्या कंपनीची मॅनेजर आहे? मले शेवंती समजते. समुद्राखालचा गॅस माह्या बापानं पाह्यला नोयता. पुढं मी कामाचं काही सांगतलं तं 'हो आजी' म्हणाचं अन् आपलं करायचं. तुह्या बापानं सारी जिंदगी तेच केलं.

सपनं अजून पडून राहिली. एक तं लय मोठं पडलं, पण सांगत नाई. मागच्यानं नुसकान झालं.

बोलू का नको, ते मले विचारू नको. मी शब्द देऊन अडकलेली बाई आहे. माहा सल्ला माह्या सोयीचा निघंन अन् तुले वाटंन का म्हातारीनं शहाणपण सांगतलं. बैठकीत खुर्चीवर तू बसशीन. तुह्या तोंडाचं तू पाह्य.

शेवंती चांगली फुलली आहे. सकाऊन धुई पडते तवा मळा दिसत नाई, नुसती पिवळी वाफ वर आल्यावानी दिसते. त्यात आमी बाया कमरेपर्यंत बुडतो. कोणं कोणाले दिसत नाई, मले तं आयकूही येत नाई. हात फुलं तोडतात अन् मी कुठं असते ते मलेच माईत नसते. काल त्या धुईत वाटलं का तू बाजूच्या वाफ्यात आहे. मी तुले म्हटलंही काहीतरी. धुई उडाली तं तिथं मैना. म्हणे, "मले काहून शिव्या देऊन राहिली?"

आजी


प्लांट कॉलनी
९ जानेवारी २०२५

आजी,

बोलली.

ठरवून नाही बोलली. बैठकीत अनुप सर म्हणाले, गोळ्या बदलू, जाळी नवी लावू, पेटी साफ करू. सगळ्यांनी माना हलवल्या. मग एक जण म्हणाला, नव्या गोळ्यांनाही तसंच चांगलं भाजत राहू, म्हणजे ओलीची भीती नको. त्याच्या तोंडून मले माझाच आवाज ऐकू आला. मी म्हटलं, नको, भाजल्यानंच त्या फुटल्या, आणि तसं करायले मी सांगितलं होतं. यंत्रं बरोबर होती, मी त्यांना खोटं ठरवलं.

अनुप सर चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "सही माझी आहे, रागिणी."

मी म्हटलं, "सही तुमची सर, हट्ट माझा."

मागच्या आठवड्यात पेटी साफ केली. तिच्या ज्या तोंडानं गॅस आत शिरतो ते तोंड पातळ पत्र्यानं झाकतात, आत नायट्रोजनचा दाब भरतात, भरत भरत नेतात, आणि एका क्षणी पत्रा फाटतो. मग आतलं सारं आलेल्या वाटेनं उलटं बाहेर धावतं. सकाळची वेळ होती, धुकं होतं. आमाले लांब उभं केलं होतं. मोठा आवाज झाला आणि पेटीच्या तोंडातून पांढरा ढग निघाला. तो धुक्यात मिसळला आणि किती तरी वेळ तसाच तरंगत राहिला. मग हळू हळू खाली बसू लागला, नळांवर, जिन्यांवर, आमच्या टोप्यांवर, बाहीवर. इतके महिने जे आत अडकलं होतं ते अंगावर असं हलकं पडत होतं की जड काय होतं तेच आठवेना. पुन्हा पत्रा लावला, पुन्हा ढग निघाला. शेवटी शेवटी नुसतीच हवा आली.

पेटी चालू झाली. पूर्ण मोकळी नाही, पण पुष्कळ. दाबाचा फरक उतरला आणि उतरलेलाच आहे. नव्या गोळ्यांना आता सावकाश तापवतो, सावकाश निववतो, आणि यंत्र सांगेल तेवढंच.

मले पक्की केलं नाही. काढलंही नाही. अजून एक वर्ष पाहू म्हणाले. अनुप सरांनी बाजूले घेऊन सांगितलं की हे वर्ष त्यांनी मागून घेतलं आहे.

पण संक्रांत तर आलीच, आजी. बाबाले दिलेला शब्द तुझा आहे. तू म्हणशील तर मी येते. खरंच येते. रडत येणार नाही.

रागिणी


पातूर
२१ जानेवारी २०२५

रागिणी,

तुहं पत्र संक्रांतीच्या आदल्या दिवशी आलं. एकदा मैनाबरोबर वाचलं, एकदा एकटीनं. तो पांढरा ढग मैनाले लय आवडला. मले तू खोटी ठरवलेल्या त्या दोन यंत्राची कीव आली.

संक्रांतीले शेखर, त्याची माय अन् मामा आले. तिळगूळ घेऊन आले, म्हणजे काय घेऊन आले ते समजून घे. किशोर नवा सदरा घालून बसला. मैना माह्या कानाशी बसून कोण काय बोलते ते वरडून सांगे, म्हणून साऱ्या आळीले समजलं.

किशोर म्हणे, "आई, साल झालं. पोरगी पक्की झाली नाई. तुहा शब्द होता."

म्हटलं, "होता. मोडला."

त्याले वाटलं मले आयकू आलं नाई. त्यानं अजून जोरात इचारलं. मी अजून जोरात सांगतलं. शेखरची माय म्हणे, "पार्वताबाई, या वयात शब्द मोडता?" म्हटलं, "मंग कवा मोडू, मेल्यावर?" मामा उठून उभा राहिला, अन् कोणं बस म्हटलं नाई म्हणून सोताच बसला. शेखर तिळाचा लाडू खाऊन राहिला होता. त्यानं दुसरा घेतला. त्याले काही वाईट वाटलं असं मले दिसलं नाई.

ते गेल्यावर किशोरले समोर बसवलं. म्हटलं, तुही पोरगी चुकली, भर बैठकीत माहं चुकलं म्हणाली, अन् तरीबी कंपनीनं तिले ठेवली. तू कधी कुठं 'माहं चुकलं' म्हटलं असन तं सांग, आताच्या आता तिले बोलावते. तो उठून वावरात गेला. तवापासून तो माह्याशी बोलत नाई, हे मले काल मैनानं सांगतलं. मी आपली समजत होती का बोलून राहिला असन.

तो येईन ताळ्यावर. तू येऊ नको. पुढच्या सालाचं मी कोणाले काही कबूल केलं नाई, तुलेही करत नाई.

मले वाटलं होतं, शब्द मोडला का छातीवर दगड ठेवल्यावानी होईन. बजारात लोकाईपुढं मान वर होणार नाई. म्हणून संक्रांतीपासून पाहून राहिली. सकाऊन उठते, धुईत जाते, फुलं तोडते, माल अकोल्याले जाते, तिथला माणूस पह्यल्यासारखाच उचलते. दुपारी मांडवाखाली पडली का छातीवर हात ठेवून पाहते. काही नाई. कापसाएवढंही वजन नाई.

हे आधी कोणं सांगतलं असतं तं मी अजून दोन-चार मोडले असते.

तुही आजी
पार्वता